नियमनिर्णय-शोधप्रणाली, पत्तेखेळांची

पत्तेखेळांची नियमनिर्णय-शोधप्रणाली : संग्राह्य पत्त्यांच्या खेळात एखाद्या पत्त्याचा अर्थ, दोन किंवा अधिक पत्त्यांचा परस्परांवर होणारा परिणाम अथवा डावातील क्रियांचा क्रम यांविषयी शंका उद्‌भवली असता, तिच्याशी संबंधित असा अधिकृत मजकूर, नियम व पूर्वी दिलेले निर्णय शोधून देणारी संगणकीय आज्ञावली. पत्त्याचे नाव, नियमाचा क्रमांक किंवा एखादी पारिभाषिक संज्ञा यांपैकी काहीही दिले असता ही प्रणाली योग्य तो उतारा समोर ठेवते. निर्णय देणे हे पंचाचे काम असून निर्णयाला आधार पुरविणे हे या प्रणालीचे काम होय. ‘निर्णय’ ही संज्ञा येथे खेळाच्या अंतर्गत व्यवहारापुरती मर्यादित आहे. एखादा पत्तेखेळ जुगार ठरतो की नाही, हा प्रश्न न्यायालयांच्या कक्षेतील आहे, उदा., रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सत्यनारायण खटल्यात म्हटले. अशा न्यायालयीन निर्णयांचा प्रस्तुत नोंदीत विचार केलेला नाही.

पारंपरिक पत्तेखेळ व त्यांतील नियम : भारतात पत्त्यांचा खेळ मोगल काळापासून ज्ञात आहे. बाबराच्या (१४८३–१५३०) आत्मचरित्रात, त्याने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हुसेन याला गंजिफा पाठविल्याचा उल्लेख येतो. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात गंजिफ्यातील रंगांचे व पत्त्यांच्या श्रेणींचे वर्णन आहे. महाराष्ट्रात सावंतवाडी हे गंजिफांचे प्रसिद्ध केंद्र असून तेथील दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांची प्रत्येकी १२ याप्रमाणे १२० पाने असतात. या खेळात निम्म्या रंगांत अंकांची चढण एका दिशेने, तर उरलेल्या निम्म्या रंगांत उलट दिशेने धरतात. डावाचा आरंभ दिवसा रामाच्या, तर रात्री कृष्णाच्या राजाने करण्याचा प्रघात आहे. सूर्यास्ताच्या सुमारास डाव मांडला गेल्यास कोणता राजा पुढे यावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. म्हणजे ‘नियम आहे, पण प्रसंगाला तो कसा लावावा हे ठरलेले नाही’ ही अडचण संगणकयुगाच्या पुष्कळ आधीची आहे. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये रचलेल्या क्रीडाकौशल्य या संस्कृत प्रकरणात अनेक बैठ्या खेळांची माहिती एकत्र केलेली आढळते. यूरोपात एडमंड हॉइल (मृत्यू १७६९) यांची व्हिस्ट या खेळावरील पुस्तिका १७४२ मध्ये प्रसिद्ध झाली. वाद मिटविण्यासाठी हॉइलचा आधार देण्याची पद्धत तेथे इतकी रुळली, की त्यांचे नाव नियमशुद्धतेचे प्रतीक बनले.

खानदेशात, म्हणजे पूर्वीच्या पूर्व व पश्चिम खानदेश आणि आताच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, महाराष्ट्राच्या अन्य भागांप्रमाणेच मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन इ. खेळ परिचित आहेत. मेंढीकोटात चार भिडू, दोन पक्ष व प्रत्येकी तेरा पाने असतात. चार दश्शांपैकी अधिक दश्शा मिळविणारा पक्ष जिंकतो आणि दोन-दोन दश्शा झाल्यास ज्याचे हात अधिक तो पक्ष जिंकतो. बंद हुकमाच्या प्रकारात एक पान उपडे ठेवले जाते व मागितलेला रंग हाती नसलेल्या भिडूला हुकूम उघडण्याची मागणी करता येते. हुकूम उघडायला लावल्यानंतर त्या भिडूने हुकमाचेच पान टाकले पाहिजे का, याविषयी मात्र बैठकीगणिक वेगवेगळे संकेत असतात. असा वाद पारावर, घराच्या ओसरीवर किंवा रेल्वेच्या डब्यात उपस्थित झाला, की तो बैठकीतील वडीलधाऱ्याच्या शब्दाने मिटतो. सर्व भिडू एकमेकांना ओळखत असल्याने आणि पाने अवघी बावन्न असल्याने ही मौखिक व्यवस्था पुरेशी ठरते. पाने हजारोंच्या संख्येत असली व प्रतिस्पर्धी अनोळखी असला, की ती अपुरी पडते.

संग्राह्य पत्तेखेळ : या प्रकारात सर्व खेळाडूंचा जोड एकच नसतो. प्रत्येक खेळाडू विकत घेतलेल्या किंवा अदलाबदलीने मिळविलेल्या पत्त्यांतून स्वतःचा संच बांधतो आणि बहुतेक पत्त्यांवर त्या त्या पत्त्याचा स्वतंत्र नियम छापलेला असतो. या प्रकारातील पहिला आधुनिक खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा होय. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी त्याची रचना केली व विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने तो १९९३ मध्ये विक्रीस आणला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत २९५ पत्ते होते. आज भिन्न पत्त्यांची संख्या २५,००० हून अधिक आहे. जपानमध्ये १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ व १९९९ मध्ये ‘यू-गी-ओह’ या खेळांचे पत्ते निघाले आणि पुढे त्यांचा जगभर प्रसार झाला.

पत्त्यावरील मजकूर व खेळाचे सामान्य नियम यांत विरोध आल्यास पत्त्यावरील मजकूर ग्राह्य धरावा, हे मॅजिक या खेळाचे मूलभूत तत्त्व आहे. एक पत्ता एखादी गोष्ट करण्यास मुभा देत असेल व दुसरा तिला मनाई करीत असेल, तर मनाई प्रबळ ठरते. हजारो पत्ते म्हणजे हजारो अपवाद; आणि कोणतेही दोन अपवाद एकाच डावात समोरासमोर येऊ शकतात. नियमनिर्णयांची गरज यातून निर्माण होते.

नियमांची रचना : मॅजिकचे समग्र नियम नऊ प्रकरणांत विभागले असून त्यांना शेवटी संज्ञाकोश जोडलेला आहे. छापील स्वरूपात त्यांची अडीचशेहून अधिक पृष्ठे भरतात. प्रत्येक नियमाला शतकवार क्रमांक असून पोटनियमांना अक्षरे दिलेली असतात. नवे संच निघताना, म्हणजे वर्षातून अनेकदा, या नियमांत सुधारणा होते.

१९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर नियमांची पुनर्रचना करण्यात आली. तीतील मध्यवर्ती कल्पना चळतीची होय. एका खेळाडूने मंत्र टाकला, की तो लगेच अंमलात न येता चळतीवर ठेवला जातो; त्यावर दुसरा खेळाडू प्रत्युत्तर ठेवू शकतो. दोघांनीही आणखी काही ठेवण्यास नकार दिल्यावर सर्वांत वरचा, म्हणजे शेवटी ठेवलेला मंत्र प्रथम अंमलात येतो. ताटांच्या चळतीतून जसे शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावे लागते, तसाच हा प्रकार आहे. उदा., एका खेळाडूजवळ २ बळ व २ चिवटपणा असलेले ‘ग्रिझ्ली बेअर्स’ (अस्वले) आहेत. प्रतिस्पर्ध्याने त्यांच्यावर ३ इजा करणारा ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकला आणि अस्वलांच्या मालकाने प्रत्युत्तरादाखल बळ व चिवटपणा ३ ने वाढविणारा ‘जायंट ग्रोथ’ टाकला, तर वाढ प्रथम अंमलात येते. चिवटपणा ५ झाल्यामुळे ३ इजा सोसूनही अस्वले वाचतात. याउलट मालकाने आधी वाढीचा मंत्र टाकला व प्रतिस्पर्ध्याने त्यावर वीज टाकली, तर वीज आधी कोसळते. अस्वले मरतात आणि वाढीच्या मंत्राला लक्ष्यच उरत नाही. दोन्ही वेळी पत्ते तेच. केवळ क्रम बदलल्याने निकाल उलटतो. नवशिक्यांमधील बहुसंख्य वाद या एका गोष्टीच्या अज्ञानातून उद्‌भवतात.

अधिकृत पाठ : पत्त्यावर छापलेला मजकूर व त्याचा आज ग्राह्य असलेला मजकूर हे एकच असतील असे नाही. १९९३ च्या ‘लाइटनिंग बोल्ट’ वर तो एका लक्ष्याला ३ इजा करतो, एवढेच म्हटले होते. पुढे लक्ष्य म्हणून प्राणी किंवा खेळाडू असा स्पष्ट उल्लेख आला आणि २०१८ पासून, पूर्वीची शब्दयोजना बदलून, ‘कोणतेही लक्ष्य’ अशा अर्थाची शब्दयोजना करण्यात आली. जुने पत्ते बाद झाले नाहीत. त्यांवरील शाईही बदलली नाही. मात्र ते खेळताना नवा मजकूर लागू होतो. ‘ऑरॅकल’ या नावाने ओळखला जाणारा हा अधिकृत पाठ प्रकाशकाच्या ‘गॅदरर’ या माहितीसंचयात दिलेला असतो.

खानदेशातील वाचकाला येथे एक समांतर उदाहरण सहज आठवेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांचे अखेरचे वास्तव्य धुळे येथे होते व त्यांच्या पश्चात तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्‌मयाच्या पोथ्या जमविल्या. त्या समर्थ वाग्देवता मंदिरात जतन करण्यात आल्या. नकलाकारांच्या हातून पाठ बदलत जातो, म्हणून जुन्यात जुनी विश्वसनीय प्रत शोधावी, ही या संशोधकांची दृष्टी होती. पत्तेखेळात दिशा नेमकी उलट आहे : येथे जुना छापील पाठ केवळ ऐतिहासिक ठरतो आणि सर्वांत अलीकडील पाठ प्रमाण मानला जातो. दोन्ही क्षेत्रांत प्रश्न मात्र एकच असतो, तो म्हणजे ‘कोणता पाठ प्रमाण व तो कोणी ठरवावा?’

प्रणालीचे घटक व कार्य : नियमनिर्णय-शोधप्रणालीत सामान्यतः पाच प्रकारची सामग्री साठविलेली असते : (१) प्रत्येक पत्त्याचा अधिकृत पाठ, (२) क्रमांकित समग्र नियम, (३) संज्ञाकोश, (४) विशिष्ट पत्त्यांसंबंधी प्रसिद्ध झालेली दिनांकित स्पष्टीकरणे आणि (५) स्पर्धेची कार्यपद्धती व नियमभंगाबद्दलचे उपाय सांगणारी पत्रके. मॅजिकच्या बाबतीत प्रकाशकाच्या गॅदररखेरीज ‘स्क्रायफॉल’ हा स्वतंत्र शोधसंचय खेळाडूंत विशेष प्रचलित आहे. यू-गी-ओहसाठी कोनामी या कंपनीच्या जपानी माहितीसंचयात पत्तावार प्रश्नोत्तरे दिलेली असतात.

शोधाचे काम टप्प्याटप्प्याने चालते. प्रथम विचारलेल्या वाक्यातील पत्त्यांची नावे ओळखली जातात. खेळाडू घाईत नाव अर्धवट किंवा चुकीचे लिहितात. म्हणून दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजून सर्वांत जवळचे नाव निवडले जाते. त्यानंतर त्या पत्त्यांच्या पाठांतील पारिभाषिक शब्द वेगळे काढून शब्दसूचीच्या साहाय्याने संबंधित नियम गाठले जातात. ही सूची पुस्तकाच्या शेवटी असलेल्या सूचीसारखीच असते. प्रत्येक शब्दापुढे तो जेथे येतो त्या नियमांचे क्रमांक असतात. एका नियमात दुसऱ्या नियमाचा हवाला असल्यास तोही उतारा सोबत येतो. शेवटी संबंधित स्पष्टीकरणे दिनांकासह मांडली जातात. दिनांकाला येथे विशेष महत्त्व आहे. नियम बदलल्यावर जुने स्पष्टीकरण चुकीचे ठरू शकते आणि ते दिनांकाशिवाय उद्धृत केल्यास खरे बोलूनही दिशाभूल होते. म्हणून चांगल्या प्रणालीत नियमांच्या जुन्या आवृत्त्या पुसून न टाकता, त्या कोणत्या कालावधीत लागू होत्या हे नोंदवून जपलेल्या असतात.

एक अवघड उदाहरण : शोधप्रणालीची खरी कसोटी ‘ह्युमिलिटी’ (१९९७) व ‘ओपॅलेसन्स’ (१९९९) या दोन पत्त्यांच्या संयोगात लागते. पहिला पत्ता सर्व प्राण्यांचे गुणधर्म काढून घेतो व त्यांचे मूळ बळ आणि चिवटपणा प्रत्येकी १ करतो. दुसरा पत्ता स्वतःखेरीज त्याच्या जातीच्या जवळजवळ सर्व पत्त्यांना प्राणी बनवितो आणि त्यांचे बळ व चिवटपणा त्यांच्या मूल्याइतके ठरवितो. परिणामी ह्युमिलिटी स्वतःच प्राणी बनते आणि स्वतःचाच गुणधर्म काढून घेते. मग तिचा परिणाम टिकतो की नाहीसा होतो?

याचे उत्तर ६१३ क्रमांकाच्या नियमात आहे. परिणाम सात थरांत क्रमाने लावावेत, असे तो सांगतो. जातिबदल चौथ्या थरात, गुणधर्मांतील बदल सहाव्यात व बळ-चिवटपणा सातव्यात येतो. एखादा परिणाम एका थरात लागू होऊ लागला, की त्याला जन्म देणारा गुणधर्म मध्येच नाहीसा झाला तरी तो पुढील थरांत त्याच वस्तूंवर चालू राहतो. म्हणून ह्युमिलिटीचा परिणाम टिकतो. सातव्या थरात मात्र दोन्ही पत्ते मूळ बळ ठरवू पाहतात. तेथे जो पत्ता नंतर पटावर आला त्याचे म्हणणे चालते. ह्युमिलिटी नंतर आली असल्यास ती १/१ राहते. ओपॅलेसन्स नंतर आला असल्यास ती मूल्याप्रमाणे ४/४ होते. केवळ दोन्ही पत्त्यांचे पाठ वाचून हे उत्तर सापडत नाही. योग्य पोटनियम हाती येणे आवश्यक असते.

मर्यादा : शोधप्रणाली मजकूर दाखविते, परंतु डावात प्रत्यक्ष काय घडले हे तिला ठाऊक नसते. कोणी आधी मंत्र टाकला, कोणी काय उच्चारले, एखादे पान चुकून उचलले की हेतुपुरस्सर, या गोष्टी साक्षीने ठरवाव्या लागतात व ते काम पंचाचे होय. संघटित स्पर्धेत खेळाडूने वाद न घालता पंचाला बोलवावे, अशी अपेक्षा असते. पत्त्याचा अधिकृत पाठ पंचाकडून मागण्याचा त्याला हक्क असतो आणि मुख्य पंचाचा निर्णय त्या स्पर्धेपुरता अंतिम असतो.

दुसरी मर्यादा तात्त्विक आहे. ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन व ऑस्टिन हेरिक यांनी २०१९ मध्ये असे दाखवून दिले, की मॅजिकच्या पत्त्यांची विशिष्ट मांडणी करून कोणतीही संगणकीय गणनक्रिया पार पाडता येते. याचा अर्थ असा, की काही रचलेल्या डावांत पुढे कोण जिंकेल हे सर्व बाबतींत सांगू शकणारी आज्ञावली तत्त्वतःच लिहिता येत नाही. प्रत्यक्ष खेळात असे डाव येत नाहीत. तथापि एखाद्या साधनाला सर्वज्ञ मानू नये, हे या निष्कर्षावरून स्पष्ट होते. नैसर्गिक भाषेत उत्तरे देणाऱ्या अलीकडील कृत्रिम-बुद्धी प्रणालींबाबत हा इशारा अधिकच लागू पडतो. त्या ओघवते पण निराधार उत्तर देऊ शकतात. नियमाचा क्रमांकही चुकीचा सांगू शकतात. म्हणून उत्तरासोबत मूळ उतारा दाखविणारी प्रणालीच ग्राह्य समजावी.

तिसरी मर्यादा स्वामित्वाची आहे. पत्ता खेळाडूच्या मालकीचा असतो, पण त्याचा अर्थ बदलण्याचा अधिकार प्रकाशकाकडे असतो. खेळाडूंनी स्वेच्छेने चालविलेल्या बहुतेक शोधप्रणाली प्रकाशकाने दिलेल्या सवलतीवर अवलंबून असतात. प्रकाशकाने आपला संचय बंद केला, तर जुने निर्णय कोठे पाहावेत हा प्रश्न उरतो. गंजिफ्याचे अनेक स्थानिक संकेत लिहून न ठेवल्याने लोपले. विद्युत् माध्यमातील नोंदीही जपल्या नाहीत तर तितक्याच सहज लोपतात.

मराठी भाषा व खानदेश : मॅजिकचे पत्ते इंग्रजी, जपानी, फ्रेंच, जर्मन इ. भाषांत छापले जातात. मराठीत ते निघालेले नाहीत. त्यामुळे जळगाव किंवा धुळे येथील मुलाच्या हाती असा पत्ता पडला, तर त्याच्यापुढे दोन अडथळे असतात : इंग्रजी भाषेचा व तीतील पारिभाषिकतेचा. यांपैकी दुसरा अधिक कठीण आहे. इंग्रजी येणाऱ्यालाही ‘लक्ष्य’ व ‘निवड’ यांत खेळाच्या दृष्टीने असलेला भेद नियम वाचल्याखेरीज कळत नाही. परिणामी मित्रमंडळीत ज्याचे इंग्रजी बरे किंवा ज्याचा आवाज मोठा, त्याचा अर्थ खरा ठरतो. आवडता पत्ता पैजेवर लावला असेल, तर चुकीच्या अर्थामुळे तो गमवावा लागतो आणि खेळातील न्यायबुद्धीवरचा विश्वासही उडतो. बाजारात मिळणाऱ्या अनधिकृत प्रतींमुळे ही अडचण वाढते. अशा प्रतींवरील मजकूर विश्वसनीय नसतो.

या दृष्टीने मराठी शोधप्रणाली उपयुक्त ठरेल. तीत पत्त्यांची नावे देवनागरीत उच्चारानुसार लिहिली तरी ओळखली जावीत. संज्ञाकोश मराठीत असावा. एका संज्ञेला सर्वत्र एकच प्रतिशब्द वापरलेला असावा. आणि भाषांतराशेजारी मूळ इंग्रजी नियमाचा क्रमांक द्यावा, म्हणजे मतभेद झाल्यास मुळाशी ताडून पाहता येईल. चळत, लक्ष्य, थर, डाव, हुकूम असे रुळलेले शब्द मराठीत आधीच आहेत. जळगाव येथे १९९० मध्ये स्थापन झालेल्या व पुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शब्दसूची, आवृत्तींची नोंद व लिप्यंतर या तिन्ही विषयांच्या अभ्यासासाठी हे एक आटोपशीर क्षेत्र आहे. हीच पद्धत मेंढीकोटासारख्या खेळांनाही लावता येईल : गावोगावचे संकेत, ते कोठे व केव्हा नोंदविले याच्या उल्लेखासह, एकत्र करता येतील. तेथे एकच पाठ प्रमाण ठरविण्याचे कारण नाही. डाव सुरू होण्यापूर्वी भिडूंनी कोणता संकेत पाळावयाचा हे ठरविता यावे, एवढे पुरे. नियम आधी माहीत असणे व तो सर्वांना सारखाच लागू असणे, यांवरच कोणत्याही खेळाची निकोपता अवलंबून असते. नियमनिर्णय-शोधप्रणाली त्यासाठी साह्यभूत होते.